एलईडीचा हिशेब १२ वर नको, १४.४ वर करा

दादा, गाडीत पायाशी उजेडाला तीन पांढऱ्या एलईडी सिरीजमध्ये (एकीमागे एक जोडून) आणि प्रवाह आवरायला १२० ओमचा रेझिस्टर, हा तुम्ही इथं टाकलेला हिशेब १२ व्होल्टला बरोबर आहे. पण गाडी १२ वर असते कुठं? इंजिन चालू झालं की बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर १४.४ व्होल्टपर्यंत नेतो. एका एलईडीला ३.२ व्होल्ट धरले तर तिघींचे ९.६; उरलेले ४.८ व्होल्ट १२० ओमवर म्हणजे ४० मिलीअँपिअर. साध्या ५ मिमी एलईडीला २० झेपतात. २७० ओम घाला, साधारण १८ जातील. इंजिन बंद असताना उजेड जरा उतरेल, पण पडलेली किल्ली शोधायला पुष्कळ.

हाच शहाणपणा मीही केलेला. साताऱ्याहून पुण्याला निघालो, खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत उजेड झक्क! शिरवळला चहाला थांबलो तर एक एलईडी काळी पडलेली, आणि सिरीज असल्यामुळं बाकीच्या दोघीही गप्प.

फ्यूजचं मात्र या चर्चेत अजून कुणीच बोललं नाही. तो एलईडीसाठी नसतो, वायरीसाठी असतो. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच १ अँपिअरचा टाका. डॅशबोर्डखाली लावला तर बॉनेटमधली वायर फ्यूजच्या संरक्षणाबाहेरच राहिली की. वायर जाते त्या पत्र्याच्या भोकात ग्रॉमेट, म्हणजे रबरी कडं, हवंच, नाहीतर धार वायरीचं कातडं सोलते. आणि जोडावर काळी चिकटपट्टी नको. आपल्याकडच्या मे महिन्यात ती पाघळून हाताला येते. श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, घ्या.