पीटनपोल एअर कॅम्पर : हलके इंजिन आणि गुरुत्वमध्य

पीटनपोल एअर कॅम्पर या लहान विमानात फोर्ड मॉडेल ए या मोटारीच्या इंजिनाऐवजी कॉन्टिनेन्टल ए-६५ हे हलके, हवेने थंड होणारे विमान-इंजिन बसवले की ते हलके होते आणि साहजिकच अधिक चांगले उडते, असे म्हटले जाते; त्यात एक महत्त्वाची भर घालावीशी वाटते. मिनेसोटातील चेरी ग्रोव्ह येथे बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ मध्ये हे उघड्या कॉकपिटचे, लाकडी सांगाड्यावर कापड चढवलेले विमान मोटारीच्या त्या जड, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाभोवती बेतले होते. रेडिएटर तर थेट वैमानिकाच्या नजरेसमोर उभा असे. (मला ते रूप आजही अतिशय देखणे वाटते.) नाकावरचे हे वजन घटले की गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर विमानाचे सारे वजन तोलले जाते तो) मागे सरकतो, आणि वैमानिक मागच्या सीटवर बसत असल्याने एकट्याने उडताना, विशेषतः तो वजनदार असेल तर, गुरुत्वमध्य मागे जाण्याची सुरक्षित मर्यादा ओलांडली जाण्याचा धोका असतो. म्हणूनच अनेक जण इंजिनाचा माउंट (इंजिन धरून ठेवणारा सांगाडा) लांबवून इंजिन पुढे नेतात, किंवा पंख पेलणारे मधले खांब मागे कलते करून संपूर्ण पंखच काही इंच मागे नेतात. पहिल्या उड्डाणापूर्वी दोन्ही चाकांखाली आणि शेपटीखाली वजनकाटे ठेवून, वैमानिकाला प्रत्यक्ष सीटवर बसवून वजन घ्यावे. नुसत्या कागदी हिशेबावर विसंबू नये. शिवाय खांब, तारा आणि उघडे कॉकपिट यांमुळे हवेचा अवरोध मोठा असतो, त्यामुळे इंजिन बंद पडताच वेग झपाट्याने घटतो आणि नाक तत्काळ खाली करावे लागते.