महामंडळाचे "लेखे अंतिम झाले नाहीत" म्हणजे नेमकं काय? विधानसभेत हे कुणी विचारत नाही का?

रेणापूरची लेक:
नमस्कार सगळ्यांना. पोस्ट जरा मोठी आहे पण वाचा प्लीज.

माझ्या भावाने एका सरकारी महामंडळाकडं (नाव लिहीत नाही) बीज भांडवल योजनेत अर्ज केला होता, पिठाची गिरणी आणि मिरची कांडप मशीनसाठी. बँकेनं आपला हिस्सा मंजूर करून पत्र दिलं, पण महामंडळाचा हिस्सा जमा झाल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही आणि जिल्हा ऑफिसला गेलं की एकच, वरून निधी नाही. दीड वर्ष झालं हेच ऐकायलोत. मशीनवाल्याच्या कोटेशनची मुदत दोनदा संपली, दर वेळी नवीन कोटेशन आणि रेट वाढलेला, आणि गाळा घेऊन ठेवलाय त्याचं भाडं चालूच आहे.

मग मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, की मागच्या ३ वर्षांत सरकारने महामंडळाला किती अनुदान दिलं, त्यातलं किती वाटलं, आणि वार्षिक अहवालाची प्रत द्या. उत्तर दोन ओळींचं आलं. अनुदान निरंक (म्हणजे शून्य), आणि लेखे अंतिम झालेले नसल्याने वार्षिक अहवाल उपलब्ध नाही.

मला कळत नाही, बजेटच्या बातम्यांत तर दर वर्षी महामंडळांना पैसे दिल्याचं येतं. मग निरंक कसं? आणि तीन तीन वर्षं हिशोबच पूर्ण नसेल तर विधानसभेला सांगतात तरी काय हे लोक? जाणकारांनी समजावून सांगा, भाऊ आता सगळ्याला वैतागून पुण्याला कामाला जातो म्हणतोय.

जमाखर्च:
ताई, मी लेखा विभागातच नोकरी केली, आता रिटायर आहे. आधी "निरंक"चं सांगतो कारण तुमची पहिली चूक तिथं झालीय. अशा महामंडळांना सरकार बरेचदा अनुदान म्हणून पैसे देत नाही, भागभांडवल म्हणून देतं, म्हणजे सरकार कंपनीचे शेअर घेतं. तुम्ही अनुदान विचारलं, त्यांनी अनुदान निरंक लिहिलं, कागदावर उत्तर बरोबर आणि तुमच्या हातात काही नाही. पुढच्या वेळी "भागभांडवल, सहायक अनुदान किंवा अन्य कोणत्याही स्वरूपात शासनाकडून प्राप्त रक्कम" असं लिहा.

आता लेखे, म्हणजे वर्षाचा पूर्ण हिशोब. ही महामंडळं बहुतेक सरकारी कंपन्या असतात, त्यांना कंपनी कायदा २०१३ लागू. वर्ष ३१ मार्चला संपतं, ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा झाली पाहिजे. त्याच्या आधी ऑडिट, आणि ऑडिटर महामंडळ नेमत नाही, तो कॅग (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) नेमतो. त्या ऑडिटनंतर कॅगला स्वतः पुन्हा तपासून टिप्पणी द्यायला ६० दिवस. सभा झाली की तीन महिन्यांत कामकाजाचा वार्षिक अहवाल तयार करायचा आणि कलम ३९५ प्रमाणे तो ऑडिट रिपोर्ट आणि कॅगच्या टिप्पणीसकट राज्य सरकारने विधिमंडळाच्या पटलावर ठेवायचा. म्हणजे सगळं वेळेत झालं तर मार्चला संपलेल्या वर्षाचा अहवाल डिसेंबरअखेर तयार हवा आणि पुढच्या बजेट अधिवेशनापर्यंत आमदारांच्या हातात हवा.

अडतं कुठं ते मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्या नोकरीत एका ठिकाणी (नाव नको) जिल्हा ऑफिसांतून व्हाउचर यायचे ते लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, वर्ष एक आणि आत दोन-तीन वर्षांचे मिसळलेले. बँकेच्या पासबुकाशी ताळमेळ कुणी घातलेला नाही. लाभार्थ्याला दिलेला चेक वटलाच नाही, पण कॅशबुकला खर्च पडलेला, असे कितीतरी. ते सोडवायला माणूस नाही, कारण अकाउंटची पदं रिकामी. आणि एका वर्षाची अखेरची शिल्लक नक्की झाली नाही तर पुढच्या वर्षाची सुरुवातीची शिल्लक कुठून आणणार, मग ते वर्ष पण अडतं, असं करत पाच पाच वर्षं साठतात.

पण नीट लक्षात घ्या, लेखे अंतिम नाहीत म्हणजे पैसे किती आले ते माहीत नाही असं अजिबात नाही. निधी वितरणाचा जीआर निघतो, बीम्सवर (सरकारच्या बजेट वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर) वाटप दिसतं, कोषागारातून बिल पास होतं, बँकेत रक्कम जमा होते. या चारही ठिकाणी तारीख आणि आकडा आहे. त्याचा अंतिम लेख्याशी काही संबंध नाही आणि ते उत्तर चालवून घेऊ नका.

विधानभवन बीट:
काकांनी छान सांगितलं, मी सभागृहाच्या बाजूचं लिहितो, काही वर्षं अधिवेशनं कव्हर केलीत.

"विधानसभेला सांगतात तरी काय" हा तुमचा प्रश्न बरोबर जागी आहे. पटलावर ठेवणं म्हणजे काय होतं बघा. कामकाजाच्या सुरुवातीला मंत्री उभे राहतात, अमुक महामंडळाचा अमुक वर्षाचा वार्षिक अहवाल सभागृहासमोर ठेवतो म्हणतात आणि बसतात. दहा सेकंदांचं काम. चर्चा नाही. पण त्या दहा सेकंदांत तो कागद सार्वजनिक होतो, त्याच्या आधी विशेषाधिकाराचं कारण सांगून माहिती अधिकारातसुद्धा नाकारता येतो, तशी तरतूद आहे कलम ८ मध्ये. म्हणून मला पटलावर येण्याला फार किंमत वाटते.

कॅगच्या रिपोर्टचं अजून वेगळं. राज्यघटनेच्या १५१ व्या कलमात म्हटलंय की कॅग राज्यपालांना अहवाल देईल आणि राज्यपाल तो विधिमंडळासमोर ठेवतील. किती दिवसांत ठेवायचा ते लिहिलेलंच नाही. त्यामुळे आपल्याकडं सवयच पडलीय, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ठेवायचा, दुपारनंतर गठ्ठे येतात, तोपर्यंत अर्धे आमदार गावाच्या वाटेला लागलेले असतात, आणि आम्ही प्रेस रूममध्ये तीन तासांत तीनशे पानांतून बातमी काढायची. चौकशी आयोगाच्या अहवालाला निदान सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे, सोबत काय कारवाई केली ते पण द्यावं लागतं. तरी मुंबईतल्या आदर्श सोसायटी घोटाळ्याच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला तो २० डिसेंबर २०१३ ला, नागपूर अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आणि तोही सरकारने फेटाळला असं सांगत. नंतर दबाव आल्यावर जानेवारी २०१४ मध्ये अंशतः स्वीकारला.

खरं काम सभागृहात नाही, समितीत होतं. सरकारी खात्यांसाठी लोकलेखा समिती, महामंडळांसाठी सार्वजनिक उपक्रम समिती. सचिवांना साक्षीला बोलावतात आणि कॅगचा एकेक परिच्छेद घेऊन विचारतात. लोकलेखाचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असावा असा संकेत आहे. तिथं मंत्री नसतो, कॅमेरा नसतो, त्यामुळे आमदार बऱ्यापैकी मुद्द्याला धरून बोलतात. फक्त परिच्छेद समितीपुढं यायलाच वर्षं जातात, तेवढ्यात चार सचिव बदललेले असतात.

साधा करदाता:
हे सगळं कागदावर. माफ करा पण कोण वाचतं ते रिपोर्ट? साक्ष होते, शिफारस होते, फाईल बंद. त्या ताईंच्या भावाला गिरणी मिळणार आहे का यातून? उगाच आशा लावू नका त्यांना.

झेडपीतला माणूस:
@साधा करदाता, तुमचा राग समजतो पण असं सरसकट नाहीये हो. मी जिल्हा परिषदेत आहे. आमच्याकडं विधिमंडळाची पंचायती राज समिती येते, पंराज म्हणतो आम्ही. आमदार मंडळी तीन दिवस मुक्कामाला. लेखापरीक्षा पुनर्विलोकन अहवालातले परिच्छेद आधी येतात आणि महिनाभर आधीपासून ऑफिसचं चित्र बदलतं, ज्या फाईल दहा वर्षं कुणाला सापडत नव्हत्या त्या रात्री नऊ वाजता कपाटावरून खाली येतात. मागं एकदा आमच्या विभागाची एक अग्रिमाची रक्कम, कर्मचाऱ्याने उचललेली आणि हिशोब न दिलेली, ऑडिटने पाच वेळा लिहून वसूल झाली नव्हती. पंराजचं पत्र आलं तसं पंधरा दिवसांत चलन भरून पावती फाईलला लागली. मी स्वतः टाचण लावलीय त्या पावतीला. म्हणजे विचारणारं कुणी येणार आहे एवढं कळलं तरी हालचाल होते. महामंडळाच्या बाबतीत आमदाराकडून प्रश्न लावून घ्या ताई, तारांकित (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो) लागला तर बेस्टच, अतारांकित असलं तरी लेखी उत्तर द्यावंच लागतं.

अभ्यासिका कोपरा:
एक छोटी भर, राज्यसेवेचा अभ्यास करताना हे खूप घोटलंय. सगळी महामंडळं कंपनी कायद्याखाली नसतात. एसटी महामंडळ १९५० च्या रस्ता वाहतूक महामंडळ कायद्याने झालेलं, तिथं कॅग स्वतःच ऑडिटर आहे आणि ऑडिट झालेले लेखे विधिमंडळासमोर ठेवायची अट त्या कायद्यातच आहे. तेव्हा आधी तुमचं महामंडळ कंपनी आहे की कायद्याने स्थापन झालंय ते बघा. आणि कंपनी असून केंद्र सरकारचं पण भागभांडवल असेल तर वार्षिक अहवाल संसदेत पण ठेवावा लागतो, कलम ३९४. म्हणजे खासदाराकडून पण विचारता येईल.

अजून एक, कॅगचा राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचा जो वार्षिक अहवाल असतो त्यात शेवटी शेवटी एक प्रकरण लेख्यांच्या गुणवत्तेवर असतं. कोणत्या खात्यांची उपयोगिता प्रमाणपत्रं (पैसे ठरलेल्या कामालाच खर्च झाल्याचे दाखले) राहिलीत, आगाऊ काढलेल्या पैशाची तपशीलवार बिलं आली नाहीत, मार्च एंडला पैसे काढून कुठं ठेवलेत, कोणत्या संस्थांचे लेखे किती वर्षं थकलेत, सगळं तिथं. कॅगच्या वेबसाईटवर फुकट आहे. मोठ्या मोठ्या आकड्यांची पहिली प्रकरणं सोडून हेच आधी वाचा.

रेणापूरची लेक:
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री बसून कॅगचा रिपोर्ट उघडला, अभ्यासिका कोपरा यांनी सांगितलं तिथं गेले, आणि आमचं महामंडळ यादीत सापडलं! एक-दोन नाही, बऱ्याच वर्षांचे लेखे थकलेत. भावाला दाखवलं, तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला म्हणजे मी एकटाच नाही अडकलेला.

करदाता दादा, गिरणी मिळेल की नाही मला पण माहीत नाही, पण दीड वर्ष आम्ही त्या खिडकीवर हात जोडून उभे होतो, आता निदान काय विचारायचं ते कळलंय.

जमाखर्च काका, नवीन अर्ज असा लिहिलाय, बघाल का: "मागील तीन आर्थिक वर्षांत शासनाकडून भागभांडवल, सहायक अनुदान किंवा अन्य कोणत्याही स्वरूपात प्राप्त रकमा, संबंधित शासन निर्णयांचे क्रमांक व दिनांक, रक्कम बँक खात्यात जमा झाल्याचा दिनांक, जिल्हानिहाय वाटप, आमच्या जिल्ह्याची बीज भांडवल योजनेची प्रतीक्षा यादी, आणि शेवटचा वार्षिक अहवाल विधिमंडळाच्या पटलावर कधी ठेवला."

जमाखर्च:
मुद्दे बरोबर आहेत, पण एकाच अर्जात घालू नका. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्द, त्याच कारणावर परत पाठवतील. तीन अर्ज करा, प्रत्येकी १० रुपयांचा स्टॅम्प. निधी आणि जीआर एक, तो महामंडळाच्या मुख्यालयाला. प्रतीक्षा यादी जिल्हा ऑफिसला, त्यात भावाचा अर्ज क्रमांक घाला आणि त्याच्यानंतर अर्ज केलेल्या किती जणांना वाटप झालं तेही विचारा. पटलाचा प्रश्न मंत्रालयातल्या प्रशासकीय विभागाला, कारण अहवाल पटलावर ठेवायची जबाबदारी सरकारची आहे, महामंडळाची नाही.

३० दिवसांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, उत्तर नाही आलं तर लगेच पहिलं अपील. आणि जुन्या उत्तराची झेरॉक्स प्रत्येक अर्जाला जोडा, "लेखे अंतिम नाहीत" हे त्यांनी सहीशिक्क्याने लिहून दिलंय, आमदारांकडं जाताना तोच कागद सगळ्यात वर ठेवा.