आईसाठी वरखाली होणारा बेड घ्यायचाय, वापरलेल्यांनी अनुभव लिहा

ओली_भेळ
नमस्कार मंडळी. आईसाठी बेड बघतेय, तो डोक्याकडून पायाकडून उचलला जाणारा. आई ७८ची, आमवात वीस वर्षांचा जुना आणि आता त्यात गुडघेही गेलेत. बोटं वाकडी झालीत, मूठ पूर्ण मिटत नाही. रात्री त्यामानाने बरी असते, पण सकाळी अंग असं काही आखडलेलं असतं की तास-दीड तास मोकळी होत नाही. आमचा बॉक्स बेड मेला इतका बुटका की ती कडेला बसली की गुडघे वर आणि कंबर खाली, मग मी काखेत हात घालून उचलते आणि आता माझीच कंबर बोलायला लागलीय. दुकानात गेले तर माणूस रिमोट दाबून दाखवतो, बेड वर, बेड खाली, मसाज, आणि खाली निळा लाइट. लाइट कशाला ते देव जाणे. किंमत ऐकून घरी आले.
हँडलचा की मोटरचा, भाड्याने की विकत, गादी कुठली, आणि मुळात उपयोग होतो का? कोणी विकत असेल तर प्लीज इथे नको, घरात वापरलेल्यांनीच लिहा. फसलेले अनुभव आधी लिहा, ते जास्त कामाचे.

चिंचगूळ
फसलेला अनुभव म्हणालात म्हणून आधी हात वर करते. ठाण्याला सासूबाईंसाठी आणला होता, दोन हँडलवाला, फुल फाउलर म्हणतात त्याला. (एकच हँडल असेल तर सेमी, फक्त पाठ उचलते. दोन असतील तर गुडघ्याकडचा भागही.) आम्ही सगळं विचारलं, लोखंड किती जाड, रंग कुठला, कठडे आहेत का. उंची कोणी विचारली नाही. हॉस्पिटलचे बेड नर्सला वाकावं लागू नये म्हणून उंच असतात हो, नुसती फ्रेम वीस-बावीस इंच, त्यावर चार इंचाची गादी. आमच्या सासूबाई जेमतेम पावणेपाच फूट. कडेला बसल्या की पाय लोंबकळत, लहान मुलं कट्ट्यावर बसतात तसे. पायाखाली देवघरातला पाट ठेवला तर तो एकदा सटकला, नशीब मी समोर होते. शेवटी मिस्तरीने चारही चाकं काढून टाकली तेव्हा चार-पाच इंच उतरला आणि मग त्या स्वतःच्या स्वतः उभ्या राहायला लागल्या. चाकांचा घरात तसाही उपयोग शून्य, कुठे न्यायचाय फिरवायला.
दुसरं म्हणजे ते हँडल पायाकडे असतं. म्हणजे झोपलेल्या माणसाला काहीही करता येत नाही, रात्री दोनला पाठ वर हवी झाली की हाक मारायची. सासूबाई हाकच मारायच्या नाहीत, "तुझी झोपमोड कशाला" म्हणून तशाच कण्हत पडून राहायच्या. हे लक्षात यायला मला चार महिने लागले, अजून वाईट वाटतं. आणि हो, हँडल फिरवून झालं की आत दुमडून ठेवा, आमच्या घरात प्रत्येकाच्या नडगीवर एकेक निळा डाग आहे.

तिरफळ
मोटरवाल्याचं माझ्याकडून. दापोलीजवळ गाव, आईबाबा दोघंच. बाबांची मणक्याची आणि खुब्याची झीज, मुंबईहून मी मोठ्या हौसेने मोटरवाला बेड पाठवला. रिमोटवर पाठ, पाय, दोन्ही. बाबा खूश, शेजारीपाजारी येऊन बसून बघून गेले. आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. ज्यांनी ते बघितलंय त्यांना सांगायला नको, पोफळी आडव्या, विजेचे खांब आडवे, आमच्या वाडीत कितीतरी दिवस लाइट नाही. बाबा तेव्हा पाठ वर करून खिडकीतून वारा बघत बसलेले, बेड तसाच अडकला. म्हणजे झोपायचं तर अर्धं बसूनच. दोन रात्री त्यांनी तशाच काढल्या, तिसऱ्या दिवशी आईने त्यांना खाली सतरंजीवर घेतलं आणि मग खालून उठवायला चार माणसं.
फोन लागायला लागल्यावर मी विकणाऱ्याला झापला तर तो शांतपणे म्हणतो, सर मोटरला डबी आहे, त्यात दोन नऊ व्होल्टचे चौकोनी सेल टाकले की लाइट नसतानाही एकदा खाली येतो. अरे मग हे आधी सांग ना! डबी होती, रिकामी होती. सगळ्या मोटरींना अशी सोय नसते, तेव्हा घेताना त्याच्यासमोर प्लग काढा आणि म्हणा आता खाली आणून दाखव. कोकणात घेणार असाल तर इन्व्हर्टरला जोडूनच घ्या.
बाकी बेड उत्तम आहे, बाबा आता ८४, तोच चालू आहे.

वाटाणे_फुटाणे
बोटांचा आमवात असेल तर रिमोट आधी हातात देऊन बघा. माझ्या आत्याला ती छोटी रबरी बटणं दाबताच येत नव्हती. अंगठ्यात जोरच नाही. मोठ्या बटणांचा वेगळा मागवावा लागला.

निवांत_नाना
इथे सगळे मुलंमुली लिहितायत म्हणून एक म्हातारा लिहितो, म्हणजे ज्याच्यासाठी बेड आणतात तो. वय ८१, नागपूर, दोन्ही गुडघ्यांची वाटी झिजलेली. मुलाने न विचारता आणला. दारात टेम्पो, दोन पोरं लोखंडी खाट चढवतायत आणि समोरची मंडळी गॅलरीत येऊन बघतायत, नानांचं काय झालं म्हणून. मी दोन महिने त्यावर झोपलो नाही. अहो, आमच्याकडे ती खाट घरात आली की माणूस शेवटच्या गाडीला बसला असं समजतात. शिवाय बायको आणि मी एका पलंगावर झोपत आलो ५४ वर्षं, आता ती तिकडे आणि मी कठड्याच्या आत? सुनेने उपाय काढला. सुतार बोलावून डोक्याकडे आणि पायाकडे सागवानी फळ्या लावून घेतल्या, कठडे काढून टाकले, आणि बायकोची कॉट त्याच उंचीला आणून शेजारी चिकटवली. आता लांबून पलंगच वाटतो. पाठ वर केली की घोरणं कमी होतं असं बायको म्हणते, माझा विश्वास नाही.
सांगायचं इतकंच, आईला दुकानात घेऊन जा. दहा मिनिटं झोपू द्या, दोनदा उठू द्या. आपण साडी घ्यायला त्यांना नेतो आणि बेड घ्यायला नेत नाही.

ओली_भेळ
नाना, हे मला टोचलं. नेते.

सुपारी_फोडणारी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाते, त्यामुळे बेड बरेच बघितलेत. वरचं उंचीचं चिंचगूळ यांनी लिहिलंय त्याला हजार टक्के अनुमोदन, मीही पहिले टेप काढते. आईंना चपला घालून खुर्चीवर सरळ बसवा, गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत माप घ्या. गुडघे दुखत असतील तर गादी दबल्यावर बेड त्या मापापेक्षा एक-दोन इंच वर असावा, म्हणजे कंबर गुडघ्यापेक्षा थोडी वर राहते आणि उठताना गुडघ्यावर कमी जोर येतो. पण पावलं पूर्ण टेकलीच पाहिजेत. मोटरवाल्यात पाठ-पाय याशिवाय अख्खा बेड वरखाली होणारा प्रकार असतो, तीन फंक्शन म्हणून विचारा. महाग असतो, पण आखडलेल्या माणसासाठी पैसे टाकायचे तर तिथे टाका, मसाजमध्ये नको.
आता एक गोष्ट जी जवळपास प्रत्येक घरी चुकते. पाठ आधी वर करतात. मग माणूस घसरत पायाकडे जातो, माकडहाडावरची कातडी ओढली जाते, जे दिवसभर झोपून असतात त्यांना तिथेच जखम होते. आधी गुडघ्याकडचा भाग थोडा उचला, मग पाठ.
आणि गुडघे वर करून बरं वाटतं म्हणून रात्रभर तसंच ठेवू नका. गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडत जातो, मग सरळ होत नाही, चालणं अजून बिघडतं. टीव्ही बघताना ठेवा, झोपताना सपाट. गुडघ्याखाली उशी घेणाऱ्यांनाही हेच लागू.
सकाळच्या आखडण्याबद्दल, नुसत्या झिजेचा संधिवात असेल तर साधारण अर्ध्या तासात सैल होतं, आमवातात तास तास जातो. तो तास बेड कमी करणार नाही, त्याला औषधच. ते वाढत असेल तर बेडच्या आधी डॉक्टरांना सांगा. बेड एवढंच करेल की उठवायला तुम्ही लागणार नाही.

पावशेर
दोरीचं कोणीच लिहिलं नाही? आमच्याकडे आजी पायाकडे बांधलेल्या जुन्या साडीच्या वेणीला धरून उठायची. झीरो खर्च.

सुपारी_फोडणारी
पावशेर, आजींची बोटं चांगली असतील. आमवातात मूठ आवळून ओढणं नको, बोटं अजून वाकतात. वेणीला मोठा फास करून त्यात मनगटाच्या वरचा हात अडकवता आला तर चालेल.

लेस्टरची_वहिनी
इंग्लंडमधून. इथे आई माझ्याकडेच असते, कायमची. जीपीकडून (म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर) कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून घरात सोयी सुचवतात त्या) नाव गेलं, बाई आल्या, टेप काढून तेच गुडघ्यामागचं माप घेतलं, आणि म्हणाल्या तुम्हाला बेड नकोच आहे. आहे त्याच पलंगाच्या पायांखाली प्लास्टिकचे जाड उंचवटे लावले, इथे त्यांना चक्क हत्तीचे पाय म्हणतात, आणि गादीखाली सरकवायचा एक लोखंडी दांडा दिला, धरून उठायला. आई म्हणाली, "एवढ्यासाठी मी तुझ्या नवऱ्याला हाका मारत होते?" पुढे तीन वर्षांनी तब्येत उतरली तेव्हा मोटरवाला घेतला. इथल्या कोणासाठी उपयोगी असेल तर, दीर्घ आजार असलेल्या माणसासाठी असा बेड घेताना दुकानात फॉर्म भरून दिला की २० टक्के व्हॅट लागत नाही, संधिवात त्यात बसतो. नुसतं वय झालंय म्हणून मिळत नाही. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

गादीवाल्याची_मुलगी
नावातच आलं, तर गादीचं मी सांगते. घरची कापसाची गादी त्या बेडवर टाकू नका, पाठ वर केली की कापूस सगळा खाली गोळा होतो. काथ्याची वाकतच नाही, वाकवली तर मोडते. स्प्रिंगची नको. फोमची चार इंची, बेडच्या सांध्यांवर घड्या पडतील अशी, आणि वरून रेक्झिन असेल तर त्याच्यावर सुती चादर दुहेरी, नाहीतर उन्हाळ्यात पाठीला घामोळं. चादर दर दोन तासांनी निघते, चारही कोपऱ्यांना परकराच्या नाड्या शिवून खाली बांधा.
मच्छरदाणीचं मात्र बघा. पाठ वर केली की डोकं जाळीला टेकतं आणि डास बाहेरून चावतात.

खमंग
भाड्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. आम्ही महिना २२०० ने घेतला, "दोन महिने लागेल" म्हणून. चौदा महिने झाले. हिशेब तुम्हीच करा, तेवढ्यात नवा हँडलवाला आला असता. पण पहिला महिना भाड्यानेच घ्या असं मी तरी म्हणेन, कारण कळतं काय नकोय ते. बऱ्याच गावांत ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळं, देवस्थानं रुग्णोपयोगी साहित्य देतात, अनामत ठेवायची, नाममात्र भाडं, कधी तेही नाही. आम्हाला हे नंतर कळलं, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी होतं. आणि जिना मोजा. बेड खोलून येतो, तरी आमच्या वाड्याच्या जिन्यात पाठीचा भाग फिरेना, शेवटी दोरीने गॅलरीतून वर घेतला, अख्खी आळी बघायला.

ओली_भेळ
सगळ्यांना खरंच थँक्यू, एवढं येईल वाटलं नव्हतं. परवा आईला दुकानात नेलं. माप घरीच घेतलं होतं, चपलांसकट १५ इंच. पहिले तीन बेड तिथेच बाद. रिमोट हातात दिला तर बटण दाबेना, मग तिने तो मांडीवर ठेवला आणि बोटाच्या मधल्या पेराने दाबला, वर गेली, खाली आली, परत वर गेली. दुकानदाराने निळा लाइट लावून दाखवला तर म्हणाली, "हा बंद करायचं बटण कुठलंय?"
प्लग काढून बघितला, तो माणूस जरा गोंधळला पण खाली आणून दाखवला. अजून घेतलेला नाही. लेस्टरच्या वहिनींचं वाचून आधी सुताराला बोलावलंय, बॉक्स बेडखाली लाकडी ठोकळे टाकून १७ पर्यंत उचलतोय, चारशे रुपये म्हणाला. गुरुवारी येतोय. महिनाभर त्यावर बघू, नाही जमलं तर तीन फंक्शनवाला भाड्याने कुठे मिळतो ते विचारायला परत येईन.
मच्छरदाणीचं कोणी जमवलं असेल तर फोटो टाका, आमच्याकडे खाली नाला आहे.