शनिवारचा हॉल (सोसायटी ग्रुप, फोंडा)

शिरोडकर, बी-२०३: नमस्कार. काल पुन्हा तेच. रात्री पावणेनऊपर्यंत हॉलमध्ये त्या टोस्टमास्टर्सच्या, म्हणजे भाषण करायला शिकायच्या क्लबच्या, टाळ्या. कोणी उभं राहिलं की टाळ्या, बसलं की टाळ्या. सून रात्रपाळीला बांबोळीला जाते, निघण्याआधी दोन तास पडते. तिचा डोळा लागला नाही. वर बाहेरच्यांच्या स्कूटरी पंपरूमच्या दाराला टेकवून. हॉल कोणाच्या परवानगीने दिला, सेक्रेटरींनी कृपया कळवावे.

प्रभुदेसाई, सेक्रेटरी: शिरोडकरबाब, ठराव झालेला आहे. दुसरा व चौथा शनिवार, सहा ते आठ. भाडं आगाऊ येतं, पावत्या फाइलला आहेत.

शिरोडकर, बी-२०३: आठ म्हणजे पावणेनऊ नव्हे.

कामत, ए-३०२: पंपरूमचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. टाकी मे महिन्यात धुवायची ठरली होती. जून संपत आला.

मंजिरी, ए-१०४: शिरोडकरदादा, काल क्लबच्या नव्या कमिटीचं पदग्रहण होतं, म्हणून लांबलं. १ जुलैपासून वर्ष सुरू होतं आमचं. सुनेचं ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळेपासून आठला दिवे बंद. स्कूटरींचं रोहित बघतो.

चेअरमन: अभिनंदन मंजिरीताई, अध्यक्ष झाल्याबद्दल. आता एका बिल्डिंगमध्ये दोन दोन अध्यक्ष 🙂

नाईक, बी-३०१: सांजांवचा सण नुकताच झालाय, कोपेल, तो फुलांचा मुकुट, शिल्लक असेल कुणाकडे तर ताईंना घाला. विहिरीत उडी मात्र सक्तीची 😂

रोहित, ए-२०१: स्कूटरी बाहेर कंपाउंडच्या भिंतीला लावायला सांगतो. मी सार्जंट अ‍ॅट आर्म्स आहे.

भटकाकू, बी-१०२: कसला सार्जंट? पोलिसात लागलास आणि आईने सांगितलं नाही मला?

रोहित, ए-२०१: नाही काकू, क्लबचं पद आहे. किल्ली आणायची, खुर्च्या मांडायच्या, पाहुण्यांना बसवायचं, शेवटी पंखे बंद करायचे.

भटकाकू, बी-१०२: हे घरी कधी केलंस?

कामत, ए-३०२: टाकी.

देसाई, ए-४०१: मला एक कळत नाही. सहा महिन्यांचे साठ डॉलर भरायचे, अमेरिकेला पाठवायचे, आणि वर खुर्च्याही आपणच मांडायच्या? पदाधिकाऱ्यांना काही मिळतं की नाही?

मंजिरी, ए-१०४: काही नाही. पदाधिकारीही तेवढीच वर्गणी भरतात, एप्रिल आणि ऑक्टोबरला.

देसाई, ए-४०१: मग हवं कशाला पद? इथे सोसायटीचं सेक्रेटरीपद फुकट द्यायला निघालो तरी कोणी घेईना. प्रभुदेसाईंना चौथ्यांदा बसवलं आपण.

प्रभुदेसाई, सेक्रेटरी: आठवण करून दिल्याबद्दल धन्यवाद.

भटकाकू, बी-१०२: आणि गोव्याच्या माणसाला बोलायला शिकवायला अमेरिकेतला क्लब? आमच्याकडे जत्रेला गावातलीच पोरं नाटक करतात, पहाटे चारपर्यंत. कोण शिकवायला गेलं होतं त्यांना?

नाईक, बी-३०१: काकू, नाटकात दुसऱ्याने लिहिलेलं बोलायचं असतं, शिवाय विंगेत प्रॉम्प्टर. मी स्वतः तीन प्रवेश प्रॉम्प्टरच्या जिवावर काढलेत. मावळा होतो, वाक्य एकच होतं.

मंजिरी, ए-१०४: इथे टेबल टॉपिक्स म्हणून प्रकार असतो. विषय जागेवर मिळतो, एक ते दोन मिनिटं बोलायचं. मला पहिल्यांदा ‘छत्री’ आला होता.

नाईक, बी-३०१: फोंड्यात छत्रीवर दोन मिनिटं? दोन तास बोलेन मी.

देसाई, ए-४०१: सगळं इंग्रजीत चालतं हे कोणी सांगत नाही. मराठी माणसाच्या सोसायटीत, मराठी माणसाच्या हॉलमध्ये.

रोहित, ए-२०१: कुठल्या भाषेत चालवायचं ते क्लब ठरवतो, अंकल. नवा क्लब काढायला वीस सभासद लागतात. मराठीत काढा, मी येतो.

लवंदे, बी-४०२: मराठीच का? कोकणीत का नाही?

प्रभुदेसाई, सेक्रेटरी: राजभाषेचा वाद इथे नको. १९८७ साली कायदा झाला तरी मिटला नाही, तो आपल्या ग्रुपवर मिटणार नाही.

नाईक, बी-३०१: गुगलवर वाचलं ते टाकतो. राल्फ स्मेडली या माणसाने १९२४ साली कॅलिफोर्नियात, सांता आनाच्या वायएमसीएत टोस्टमास्टर्सची पहिली सभा घेतली. बायकांना रीतसर प्रवेश १९७३ साली.

भटकाकू, बी-१०२: म्हणजे पन्नासेक वर्षं पुरुषच बोलत होते? मग त्यात नवीन काय केलं?

कामत, ए-३०२: टाकीबद्दल कोणीच बोलत नाही याची नोंद घ्यावी.

चेअरमन: विषय भरकटतोय. क्लबला माझा विरोध नाही. पण तिथे जे शिकवतात त्याचा प्रयोग आमच्यावर होऊ नये. मागच्या एजीएमला रंगकामाच्या कोटेशनवर जो पवित्रा घेतला गेला, तो सगळ्यांनी पाहिला. नाव घेत नाही.

मंजिरी, ए-१०४: घ्या की. मी दोन मिनिटं मागितली, दोनच घेतली. विचारलं एवढंच, की तीन कोटेशन आली तर मधलं का निवडलं. तुमचं प्रास्ताविक पस्तीस मिनिटं झालं होतं.

चेअरमन: वर्षभराचा आढावा होता तो.

नाईक, बी-३०१: त्यात बोरवेलचा इतिहास दोनदा आला पण 🙏

शिरोडकर, बी-२०३: माझी तक्रार टाळ्यांची आहे. कृपया.

मंजिरी, ए-१०४: देसाईभाऊंनी पद कशाला हवं विचारलं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. जरा लांबण आहे. गेलं वर्ष मी व्हीपी एज्युकेशन होते. म्हणजे कोण भाषण करणार, कोण वेळ बघणार, कोण अडखळणं मोजणार, याचा तक्ता लावायचा. तक्ता लागतो बुधवारी. शुक्रवारी रात्री एकाची बारशाची पंगत निघते, एकाला ताप, एकजण फोनच उचलत नाही. जीभ गोड ठेवून पुन्हा सगळ्यांना फोन. कोणावर चिडायची सोय नाही, कारण कोणी नोकर नाही. पंधरा वर्षं ऑफिसात मी साहेबाच्या नावावर कामं करून घेतली. इथे कुणाचं नाव सांगणार?

आणि कुर्टीची एक बाई आहे, टेलरिंग करते. पहिलं भाषण स्वतःबद्दल असतं, चार ते सहा मिनिटं. चारला हिरवं कार्ड, पाचला पिवळं, सहाला लाल. ती नाव सांगून थांबली. कागद हातात, पण वाचेना, ब्लाउजची मापं घेताना टेप धरतात तसा दोन्ही हातांनी ताणून धरलेला. दीड मिनिटात बसली. हिरवं कार्ड वर गेलंच नाही. मूल्यमापन करणाऱ्याने काय सांगावं? “तुम्ही बसलात तेव्हा आम्हाला पुढचं ऐकायचं होतं.” एवढंच, आणि पुढच्या वेळी कागद टेबलावर ठेवा म्हणाला. जुलैपासून ती आमची सेक्रेटरी. काल रात्री ज्या टाळ्या लांबल्या, त्या तिला होत्या.

लवंदे, बी-४०२: बरें केलें तिणें.

भटकाकू, बी-१०२: तोंडावर सांगतात तर चुका. आपल्याकडे लिफ्टमध्ये सांगतात, तेही माणूस उतरल्यावर.

देसाई, ए-४०१: ठीक आहे. पण त्या बाईचं कौतुक आणि हॉलच्या वेळेचं उल्लंघन हे दोन वेगळे विषय आहेत.

शिरोडकर, बी-२०३: तेच म्हणतो. बाईंचं अभिनंदन. पण टाळ्या हळू.

रोहित, ए-२०१: दादा, बी विंगच्या बाजूच्या खिडक्या लावून घेतो. साडेसातनंतर टाळ्यांऐवजी हात हलवायचे असं ठरवू. ऑनलाइन सभेत करतो तसं.

नाईक, बी-३०१: मुक्या टाळ्या वाजवणारा वक्त्यांचा क्लब 😂 पण येऊन बघेन एकदा. पाहुण्याला पैसे?

मंजिरी, ए-१०४: पाहुण्याला फुकट. चहा मिळतो.

कामत, ए-३०२: चहाला टाकीचंच पाणी वापरता ना?

प्रभुदेसाई, सेक्रेटरी: कामतबाब, टाकीवाला मंगळवारी येतोय, सकाळी दहा ते एक पाणी बंद. कृपया सर्वांनी भरून ठेवावे.

कामत, ए-३०२: लेखी नोटीस लावावी.

चेअरमन: आता एजीएमचं. जुलैच्या शेवटच्या रविवारी घेऊ. सूचना असतील तर आजच द्या, नंतर ऐकणार नाही.

मंजिरी, ए-१०४: एक सूचना. प्रत्येक सभासदाला तीन मिनिटं. दोनला हिरवं, अडीचला पिवळं, तीनला लाल. प्रास्ताविक सात मिनिटं.

चेअरमन: सातात बोरवेल बसणार नाही.

देसाई, ए-४०१: बसवा. मी अनुमोदन देतो. क्लबला नव्हे, सूचनेला.

प्रभुदेसाई, सेक्रेटरी: घड्याळ धरून बसणार कोण? चेअरमनसाहेबांना लाल कार्ड दाखवायची माझी हिंमत नाही, मला पाचव्यांदा बसवाल.

भटकाकू, बी-१०२: मी बसते. कार्डं विकत आणू नका, चवथीच्या मखराचा कार्डबोर्ड उरलाय माझ्याकडे, तिन्ही रंगांत. तेवढी पहिल्या रांगेत पंख्याखालची खुर्ची ठेव रे रोहित, सार्जंट आहेस ना.