क्वांटम यांत्रिकीने निश्चिततावाद खरोखरच मोडीत काढला आहे का?

धागालेखक: 'क्वांटम यांत्रिकीने (अणू-इलेक्ट्रॉनांसारख्या सूक्ष्म कणांच्या शास्त्राने) निश्चिततावाद मोडीत काढला' हे वाक्य इतक्या सहजपणे लिहिले जाते की, निश्चिततावाद म्हणजे नेमके काय, हे विचारायचेच राहून जाते. विश्वातील प्रत्येक कणाचे स्थान, गती आणि त्यांवरील सर्व बले एखाद्या बुद्धीला एका क्षणी ठाऊक असली, तर भूत आणि भविष्य दोन्ही तिच्या डोळ्यांसमोर उभे राहतील, असे फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी १८१४ साली मांडले. यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. आजच्या स्थितीवरून उद्याची स्थिती एकच एक ठरते, ही पहिली. ती आपल्याला आधी सांगता येते, ही दुसरी. हवामानशास्त्रज्ञ लोरेंझ यांनी १९६३ साली हवेच्या अभिसरणाच्या तीन समीकरणांतून दाखवले, की पहिली गोष्ट पूर्ण खरी असतानाही दुसरी हातून निसटते, कारण सुरुवातीच्या मोजणीतील किंचित चूकही झपाट्याने वाढत जाते. क्वांटम यांत्रिकीतील श्रोडिंगर यांचे समीकरणही याच अर्थाने निश्चित आहे: आजचे तरंगफल (कणाची स्थिती सांगणारे गणिती सूत्र) दिले की उद्याचे एकच निघते. अडचण येते ती फक्त मापनाच्या क्षणी, कारण तेव्हा शक्य निकालांपैकी एकच हाती येतो आणि तो कोणता, हे समीकरण सांगत नाही.

प्रतिसाद १: 'फक्त मापनाच्या क्षणी' हे मला मान्य नाही, कारण सगळा प्रश्न त्या क्षणातच आहे. एम.एस्सी.ला असताना सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचा नमुना गायगर गणित्रासमोर (किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणासमोर) ठेवून आम्ही दर दहा सेकंदांचे आकडे वहीत उतरवत होतो. ९७, ११२, ८८, १०४. काहीही न हलवता आकडा दर वेळी वेगळा येई, आणि शंभराच्या आसपास दहाएकचा हा चढउतार संभाव्यतेच्या नियमानुसारच होता. मातीचे मडके जुने झाले की त्याला तडा जाण्याची शक्यता वाढते. अणुकेंद्रक मात्र म्हातारे होत नाही. तीस वर्षांचे अर्धायुष्य (निम्मी केंद्रके फुटण्याचा काळ) उलटूनही जे केंद्रक टिकले, त्याची पुढची तीस वर्षे टिकण्याची शक्यता पूर्वीइतकीच, म्हणजे निम्मी असते. लोरेंझ यांच्या हवेत निदान काहीतरी मोजायचे राहिलेले असते. इथे मोजायला काही उरलेलेच नाही, आणि भौतिकशास्त्रज्ञ बॉर्न यांनी १९२६ साली तरंगफलाचा अर्थ संभाव्यतेशी जोडला तो म्हणूनच मला योग्य वाटतो.

धागालेखक: मोजायला काही उरलेले नाही, हे त्या वहीतल्या आकड्यांवरून कसे ठरवणार? भौतिकशास्त्रज्ञ बोम यांनी १९५२ साली कणांना निश्चित मार्ग देणारी मांडणी केली आणि तिच्यातून नेहमीच्या क्वांटम यांत्रिकीचेच निष्कर्ष निघतात. तिच्यातही आपल्या वहीत असेच आकडे उतरले असते.

प्रतिसाद २: त्या मांडणीची किंमतही सांगायला हवी. एका जागचे मापन दूरच्या घटनेवर तत्काळ परिणाम करत नाही, असे धरून गुंतलेल्या (एकच सामाईक क्वांटम स्थिती असलेल्या) कणांच्या निकालांतील मेळ किती असू शकतो, याची मर्यादा भौतिकशास्त्रज्ञ बेल यांनी १९६४ साली काढली. अस्पे यांच्या १९८२ च्या प्रयोगात आणि पुढे २०१५ साली डेल्फ्टमध्ये १.३ किलोमीटर अंतरावरील इलेक्ट्रॉनांवर ती ओलांडली गेलेली दिसली. बोम यांचा निश्चिततावाद वाचतो तो इथल्या मापनाचा दूरच्या कणावर क्षणार्धात परिणाम होतो असे मानूनच. प्रयोगकर्त्याची निवडही कणासोबत आधीच ठरलेली होती, ही दुसरी पळवाट तर मला अजिबात पटत नाही, कारण मग कोणत्याच प्रयोगावर विसंबता येणार नाही.

प्रतिसाद ३: थोडे शब्दाविषयी. आपल्याकडे यालाच 'नियतिवाद' म्हणतात आणि चर्चा लगेच प्रारब्धाकडे वळते. प्रारब्धात औषध घ्या वा न घ्या, व्हायचे ते होतेच; लाप्लास यांच्या विश्वात मात्र औषध घेणे हीच बरे होण्याच्या साखळीतील एक कडी असते. केंद्रक केव्हा फुटेल ते ठरलेले नाही म्हणून माणूस स्वतंत्र होतो, हेही मला पटत नाही.

धागालेखक: शब्दाविषयीचा मुद्दा स्वीकारतो, म्हणूनच शीर्षकात 'नियती' टाळली होती. प्रतिसाद २ मधील किंमतही मान्य आहे. मात्र बेल यांच्या प्रमेयाने निश्चिततावाद एकटा बाद होत नाही. निकाल मुळातच यादृच्छिक मानले, तरी ती मर्यादा ओलांडण्यासाठी स्थानिकतेचा (दूरच्या घटनेवर तत्काळ परिणाम होत नाही या गृहीतकाचा) प्रश्न समोर उभा राहतोच. आणि स्वतः बेल यांनी बोम यांच्या मांडणीची पाठराखण केली होती.