बालवर्गाची मांडणी: मधली जागा मोकळी ठेवावी की विभागावी?

प्रश्न : मुक्ता_बालवर्ग

आमच्या बालवर्गात ३ ते ६ वयोगटातील १८ मुले आणि आम्ही दोघी ताई आहोत. खोली ३० फूट लांब व २० फूट रुंद आहे. दार एका अरुंद बाजूला असून खिडक्या एका लांब भिंतीत आहेत. मुलांना वावरायला भरपूर जागा मिळावी, या हेतूने सर्व मांडण्या आणि कपाटे भिंतींना टेकवून ठेवली आहेत आणि मधला भाग पूर्ण मोकळा सोडला आहे. प्रत्यक्षात मात्र तिथे दिवसभर पळापळ चालते. ठोकळ्यांचा मनोरा उभा राहतो न राहतो तोच कोणाच्या तरी पायाने कोसळतो आणि त्यावरून रडारड होते. पुस्तकांच्या कोपऱ्याकडे कोणी फिरकतही नाही.

भिंतींवर अक्षरे, अंक, प्राणी, फळे यांचे तक्ते छतापर्यंत लावलेले आहेत. नवीन खेळणी आणावीत, असे माझ्या सहकारी ताईंचे मत आहे. मला मात्र दोष मांडणीचा असावा, असे वाटते. आहे त्याच सामानात काय बदल करता येतील?

उत्तर १ : शिशुसंगती

आपली शंका रास्त आहे. मुलांना मोकळी लांबट जागा दिसली की ती पळणारच. ‘पळू नका’ असे दहा वेळा सांगितले, तरी खोलीची रचना त्यांना पळण्याचेच निमंत्रण देत राहते. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत आपल्याकडे ३० फुटांचा सरळ पट्टा तयार झाला आहे. तो मोडण्यासाठी दोन-तीन बुटक्या मांडण्या भिंतीला समांतर न ठेवता काटकोनात बाहेर काढा. त्यांची उंची ताईंच्या कमरेच्या आसपास असावी, म्हणजे मुलाला आपला कोपरा बंदिस्त वाटतो आणि उभ्या असलेल्या ताईंना मात्र सगळी खोली दिसते.

ठोकळ्यांसाठी दारापासून सर्वांत दूरचा, दोन भिंतींमधला कोपरा निवडा, म्हणजे तिथून कोणालाही पलीकडे जाण्याचे कारणच उरणार नाही. भातुकली त्याच्या शेजारी चालेल, कारण दोन्ही खेळ आवाजाचे आहेत आणि मुले ठोकळे उचलून भातुकलीत नेतात, ते नेऊ द्यावेत. पुस्तके आणि बैठे काम विरुद्ध टोकाला, खिडकीच्या उजेडात असावे. रंगकाम नळाजवळ असावे. ओले हात घेऊन खोली ओलांडावी लागली की सगळा वेळ पुसण्यात जातो.

साहित्य वाढवण्याविषयी मी सावध राहीन. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी दिली होती. चारच खेळणी असताना मुले एकेका खेळण्यात अधिक वेळ रमली आणि त्याचा अधिक प्रकारे उपयोग करू लागली. आपली मुले त्याहून मोठी आहेत, त्यामुळे तोच आकडा लागू करता येणार नाही. पण मांडणीवर एकावर एक रचलेल्या डब्यांतून मूल काही निवडत नाही, ते फक्त उपसते, हे कोणत्याही ताई सांगतील. निम्मे साहित्य कपाटात ठेवा, उरलेले एकेका तबकात सुटे मांडा आणि अधूनमधून बदलत राहा.

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले, तेव्हा साहित्य कुलूपबंद कपाटात असे आणि शिक्षिका ते काढून देत. एकदा कपाट उघडे राहिले आणि मुलांनी आपापले साहित्य स्वतःच निवडून कामाला सुरुवात केली, असे त्यांनी नोंदवले आहे. पुढे बुटकी, उघडी कपाटे आली. ताईंना न विचारता मुलाला काय काय करता येते, ही एकच कसोटी मी प्रत्येक कोपऱ्याला लावते.

उत्तर २ : रेषा_आणि_जागा

मी अंतर्गत सजावटीचे काम करतो आणि काही बालवर्गांची रचना केली आहे. वरील सूचनांशी सहमत आहे, परंतु एक गंभीर पुस्ती जोडतो. भिंतीपासून सुटी केलेली मांडणी मूल तिला लोंबकळल्यास उलटू शकते. तिचे एक टोक तरी कोनपट्टीने भिंतीला जखडा किंवा दोन मांडण्या पाठीला पाठ लावून बोल्टने जोडा, आणि जड साहित्य नेहमी खालच्या खणात ठेवा. चाके असतील तर ती काढून टाका.

आता भिंतींविषयी. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बालवर्गातील २४ मुलांना काही पाठ भरगच्च सजवलेल्या आणि काही पाठ साध्या खोलीत दिले. सजवलेल्या खोलीत मुलांचा सुमारे ३९ टक्के वेळ इतरत्र लक्ष जाण्यात गेला, साध्या खोलीत सुमारे २८ टक्के. शिकलेलेही साध्या खोलीत अधिक होते. प्रयोग लहान होता, तरी तक्ते उतरवायला तेवढे कारण पुरेसे आहे. शिवाय चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक मीटर असते आणि डोळे त्याहून दहा-बारा सेंटीमीटर खाली असतात. छताजवळचे तक्ते पालकांना दिसतात, मुलांना नाही.

टेबल-खुर्च्यांची मापेही तपासा. युरोपीय मानकानुसार ९३ ते ११६ सेंटीमीटर उंचीच्या मुलांना २६ सेंटीमीटर उंचीची बैठक व ४६ सेंटीमीटर उंचीचे टेबल लागते. त्यापुढच्या मापात हेच आकडे ३१ आणि ५३ होतात. आपल्या वयोगटाला दोन्ही मापे लागतील. फूटपट्टी नसली तरी चालेल: बसलेल्या मुलाची पावले जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत. पाय लोंबकळत असले की मूल चुळबुळ करते आणि आपण त्याला चंचल ठरवतो.

आवाजाचा मुद्दा सहसा कोणी काढत नाही. फरशी, काच आणि उघड्या भिंती यांमुळे आवाज घुमतो, आणि गोंगाटात शब्द वेगळे ओळखणे लहान मुलांना मोठ्यांपेक्षा फार कठीण जाते. ठोकळ्यांखाली जाड सतरंजी, खिडक्यांना कापडी पडदे आणि उतरवलेल्या तक्त्यांच्या जागी मऊ सूचनाफलक एवढ्यानेही फरक जाणवेल.

उत्तर ३ : खिडकीपाशी

भिंती कोऱ्या करण्याचा सल्ला अर्धाच घ्यावा, असे मला वाटते. इटलीतील रेज्जो एमिलिया येथील बालशाळांमध्ये, ज्यांची वैचारिक घडण लोरिस मालागुत्सी यांनी केली, भिंतींवर भरपूर काही असते. मात्र ते मुलांचे स्वतःचे काम असते: चित्रे, कामाची छायाचित्रे आणि त्यांचे बोल. छापील तक्ता आणि कालच मुलाने काढलेले चित्र या दोहोंना एकाच मापाने मोजू नये.

दुसरे असे की, वरील दोन्ही उत्तरांत एकांताचा विचार आलेला नाही. १८ मुलांच्या गलक्यात तास न् तास राहणे हे लहान जिवाला थकवणारे असते. एखाद्या टेबलावर चादर टाकून खाली दोन उशा ठेवा. जिथे एका वेळी एकदोनच मुले मावतील आणि ताई डोकावू शकतील, एवढेच पाहा. पुस्तकांचा कोपरा ओस पडण्याचे कारणही बहुधा हेच असेल, की तो उघड्यावर आहे आणि पुस्तकांचे फक्त कणे दिसतात. मुखपृष्ठे समोर येतील अशी सात-आठच पुस्तके लावून पाहा.

मुक्ता_बालवर्ग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते: मधली जागा विभागली तर गोल करून बसायला आणि गाण्यांना जागा कुठून आणायची? आणि पळण्याची गरज तर खरीच आहे, तिचे काय?

शिशुसंगती

गोलासाठी स्वतंत्र जागा अडवून ठेवण्याइतकी खोली मोठी नाही. दर मुलामागे सुमारे ३३ चौरस फूट येतात, त्यातून सामानाची जागा वजा होते. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या नियमांत वापरण्याजोगी ३५ चौरस फूट जागा किमान मानली आहे. म्हणून ठोकळ्यांचा कोपरा थोडा मोठा आखा आणि गोल तिथेच करा. ज्या दिवशी एखादी रचना अर्धवट राहिली असेल, त्या दिवशी ती मोडायला लावू नका, गोल दाराजवळ करा. पळण्याची सोय मात्र बाहेरच हवी, आणि तीही दिवसाच्या शेवटी नव्हे, तर सकाळी आल्या आल्या.

सगळे बदल एका दिवसात करू नयेत. आधी फक्त ठोकळे हलवा आणि आठवडाभर कोण कुठे थांबते, कुठे धडकते ते कागदावर टिपून ठेवा. पुढची मांडणी कुठे फिरवायची ते त्या खुणांवरून ठरवता येईल.