मदत हवी आहे: येऊरच्या पाचोळ्यातली छोटी पाल कोणती? नवीन प्रजाती असू शकेल का?

पायथ्याचा_पाहुणा
ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी, सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत पाऊस सुरू झाल्यापासून रात्री एक छोटी पाल दिसते आहे. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत अंदाजे ४ सेंमी. तपकिरी, पाठीवर गडद ठिपक्यांच्या जोड्या, शेपूट जाडसर. पाचोळ्यातच फिरते, भिंतीवर चढत नाही. जुन्या पुस्तकातल्या 'सर्टोडॅक्टिलस कोलेगालेन्सिस'शी जुळते, पण नव्या याद्यांत ते नाव आपल्याकडे दाखवत नाहीत. मग ही कोण? आणि एखादी पाल 'नवीन' आहे हे ठरवायला काय काय लागतं? फोटो तीन आहेत, तिन्ही वरून काढलेले.

दगडफूल
तुमचं पुस्तक चुकीचं नाही, जुनं आहे. कोलेगालेन्सिस हे नाव १८७० सालचं, कर्नाटकातल्या कोल्लेगाल भागावरून पडलेलं. आपल्याकडची पालही बरीच वर्षं त्याच नावाखाली मोजली गेली. २०१६ साली तिचं वेगळं वर्णन झालं आणि सर्टोडॅक्टिलस वरदगिरी हे नाव मिळालं. वर्णनावरून तुमची पाल तीच वाटते, पण वरून काढलेल्या फोटोंवर मी शिक्का मारणार नाही.

आधी बोटं बघा. बारीक, वाकडी, नखाकडे निमुळती होत गेलेली आणि खाली गादी नाही, असं असेल तर आपण बरोबर वाटेवर आहोत. बोटाखाली रुंद गादी आणि तिच्यावर मधोमध दुभागलेल्या पट्ट्या दिसल्या तर ती हेमिडॅक्टिलस, म्हणजे घरातल्या पालींची भावंडं. मग डोळा: बाहुली उभी चिरेसारखी हवी. गोल असेल तर निमास्पिस, हा पालींचा वेगळा गट. पापण्या मिटत असतील तर युब्लेफेरिस, म्हणजे पापण्या असलेल्या पालींचा गट, आणि मग सगळाच विचार बदलतो.

पाठीवरचे खवले बारीक, दाण्यांसारखे एकसारखे हवेत. पिवळसर आडवे पट्टे आणि विटकरी रंग असेल तर सर्टोडॅक्टिलस डेक्कनेन्सिस ही प्रजाती तपासा, तीही याच डोंगरात असते.

पायथ्याचा_पाहुणा
बोटांखालचा फोटो पकडल्याशिवाय कसा काढायचा?

खवलेमोजणी
पकडू नकाच. एक तर शेपूट टाकेल, दुसरं म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ सोसायटीच्या आवारातही लागू आहे. भिंतीपलीकडे राष्ट्रीय उद्यान असेल तर तिथे परवानगीशिवाय पाचोळासुद्धा उपसायचा नाही.

मोबाइल जमिनीला टेकवून, पाल पाय उचलते तेव्हा बाजूने एकामागोमाग १५-२० फोटो घ्या, एखाद्यात बोट स्पष्ट येतं. समोरून फ्लॅश मारला की खवले चकाकतात आणि उठाव सपाट दिसतो. टॉर्च एका बाजूला, जमिनीलगत तिरका धरा, दाणे लगेच उठून दिसतील. पाल गेल्यावर त्याच जागी पट्टी ठेवून, तेवढ्याच अंतरावरून एक फोटो काढा. अंदाजाने सांगितलेली लांबी बहुतेक वेळा जास्तच निघते.

रंगावर भिस्त नको, एकच पाल रात्री फिकट आणि दिवसा गडद दिसते. पुन्हा उगवलेल्या शेपटीवर तर काहीच ठरवू नका, तिथले खवले मूळच्यासारखे येत नाहीत.

दगडफूल
आता 'नवीन' कसं ठरतं ते. सर्वांत जवळच्या प्रजातींच्या मूळ नमुन्यांशी, शक्यतो त्यांच्या मूळ ठिकाणच्या पालींशीही, ताडून पाहावं लागतं. खवल्यांची मोजणी, कॅलिपरने घेतलेली मापं आणि नरांच्या मांडीवरची व अवस्करासमोरची (शेपटीच्या बुडाशी असलेल्या मलमूत्रद्वारासमोरची) छिद्रं हा त्याचा कणा. निमास्पिसमध्ये ही छिद्रं फार कामाची: २००९ मध्ये वर्णन झालेल्या निमास्पिस कोल्हापुरेन्सिसमध्ये त्यांची सलग रांग असते, तर कासच्या निमास्पिस गिरीमध्ये (२०१४) ती फक्त मांड्यांवर. तुमच्या पालीच्या गटात मात्र नरालाही ही छिद्रं नसतात. त्यामुळे 'छिद्रं दिसली नाहीत म्हणून मादी' असं इथे म्हणता येत नाही.

डीएनएसाठी पालींमध्ये सहसा एनडी२ हा मायटोकॉन्ड्रियल जनुक वापरतात. ऊतीचा तुकडा फॉर्मालिनच्या आधी काढून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवतात. इथे क्रम चुकला तर नमुना दिसायला चांगला राहतो, पण त्यातून डीएनए धड मिळत नाही. होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नव्या प्रजातीचं नाव ठरतं तो, संग्रहालयात जमा करून त्याचा क्रमांक वर्णनात द्यावा लागतो. हे सगळं परवाना असलेल्या संशोधकांचं काम आहे.

खवलेमोजणी
तुमच्याकडून मात्र तारीख, वेळ, पाऊस होता की नाही आणि पाचोळा किती ओला होता, एवढं फोटोसोबत आलं तर फार उपयोग होईल. नेमकं ठिकाण उघड टाकू नका, 'येऊर पायथा' पुरे.

पायथ्याचा_पाहुणा
समजलं. आज रात्री टॉर्च आणि पट्टी घेऊन बसतो. बोट आणि डोळा, हे दोन फोटो आधी टाकतो.